पर्यावरण आणि साथरोगशास्त्र एकत्र शिकायचंय? आधी प्रश्न, मग विद्यापीठ

पुणे जिल्ह्यातल्या एका गावात घरोघरी सर्वेक्षण करत होते. फॉर्मवर प्रश्न होता, ‘स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता?’ लागोपाठ बारा घरांत मी ‘गॅस’समोर खूण केली. तेराव्या घरातल्या आजी म्हणाल्या, “गॅस हाय की. च्या त्याच्यावरच हुतो. भाकरी मातुर चुलीवर, अन् अंघूळीचं पाणी बंबात.” मी मागे फिरले आणि आधीच्या बारा घरांच्या परसात डोकावून पाहिलं. बहुतेक ठिकाणी काजळी धरलेला बंब होता आणि शेजारी लाकडं रचलेली होती.

कुणीही खोटं बोललं नव्हतं. आमचा प्रश्नच अर्धा होता. ती बारा घरं तशीच ‘स्वच्छ इंधन’ या रकान्यात राहिली असती, तर धुरात बसणाऱ्या बायका दोन्ही गटांत विखुरल्या असत्या आणि शेवटी गणित सांगितलं असतं की धुराचा आणि खोकल्याचा फारसा संबंध दिसत नाही. पुढं कितीही भारी सांख्यिकी वापरली तरी ही चूक दुरुस्त होत नाही.

हा लेख ज्यांना या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे त्यांच्यासाठी आहे: बीएस्सी, पर्यावरण अभियांत्रिकी, एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, नर्सिंग, सांख्यिकी, भूगोल, कुठूनही आलेले असा.

दोन विषय का जोडायचे

पर्यावरणीय आरोग्य हा विषय विचारतो की हवेत, पाण्यात, मातीत, कामाच्या जागी काय आहे, ते शरीरात कोणत्या वाटेनं आणि किती जातं, आत गेल्यावर काय करतं. एपिडेमिऑलॉजी, म्हणजे आपलं साथरोगशास्त्र, विचारतं की आजार कुणाला झाला, कुणाला नाही आणि फरक कशामुळे पडला. मराठी नावात ‘साथ’ असली तरी कर्करोग, हृदयविकार, कमी वजनाची बाळं हे सगळं त्यात येतं.

फक्त पहिलं शिकलात तर हातात यंत्रांचे आकडे राहतात, माणसं नसतात. फक्त दुसरं शिकलात तर माणसं असतात, पण त्यांनी काय श्वासात घेतलं हे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याच खुणेत संपतं. माझ्या मते या जोडविषयाचा गाभा एकच आहे: संपर्क मोजणं. इंग्रजीत ज्याला एक्सपोजर म्हणतात तो. किती, किती वेळ, कोणत्या वयात, कोणत्या वाटेनं. अभ्यासक्रम निवडताना हे शिकवणारी माणसं आणि साधनं तिथं आहेत का, हे सगळ्यात आधी पाहा.

याचं चांगलं उदाहरण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भारतीय शहरांच्या अभ्यासात आहे. मुंबई आणि पुणे त्यात आहेत. २००८ ते २०१९ या काळातले सुमारे ३६ लाख मृत्यू आणि रोजचं पीएम २.५, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण, यांची सांगड त्यात घातली होती. धूलिकण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमनं वाढले की मृत्यू साधारण १.४ टक्क्यांनी वाढतात, असं दिसलं. अशा अभ्यासाची युक्ती समजून घ्या: एका शहराची दुसऱ्याशी तुलना न करता त्याच शहराच्या जास्त धुळीच्या दिवसांची कमी धुळीच्या दिवसांशी तुलना केली जाते. त्यामुळे तंबाखू, गरिबी, दवाखान्यांची संख्या हे घटक आपोआप बाजूला पडतात, कारण मंगळवारचं पुणं आणि शुक्रवारचं पुणं यांत ते बदलत नाहीत. ऋतू आणि तापमान मात्र बदलतात, म्हणून ते हिशेबात धरावे लागतात.

दुसरं उदाहरण चुलीचं. हॅपिन नावाची चाचणी भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत झाली. आपल्याकडे ती तामिळनाडूत झाली, चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेच्या पुढाकारानं. चारही देशांतल्या मिळून ३,२०० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर मोफत दिले. त्यांच्या श्वासातले धूलिकण खरोखर कमी झाले: चुलीच्या गटात मध्यम पातळी घनमीटरमागे ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास होती, गॅसच्या गटात २४ च्या. पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतल्या बाळांच्या जन्मवजनात फक्त २० ग्रॅमच्या आसपास फरक होता, ठामपणे काही म्हणता येऊ नये इतका. गरोदरपणाच्या मध्यावर गॅस देणं उशिराचं ठरलं का? २४ सुद्धा जास्तच आहे का? की वजनाची कारणं दुसरीकडे आहेत? मन निराश न होता असे प्रश्न पडत असतील, तर हा विषय तुमचा आहे.

पहिली पायरी: एक प्रश्न धरा

‘कोणतं विद्यापीठ चांगलं’ हे विचारण्याआधी एका वहीत एक प्रश्न लिहा. पुढं तो बदलेल, बदलू द्या. पण प्रश्नाशिवाय केलेले अर्ज एकमेकांसारखेच दिसतात.

महाराष्ट्रात प्रश्नांची वाण नाही. चंद्रपूरच्या कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्र. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांतलं फ्लोराइडचं पाणी. एप्रिल-मेच्या उन्हात काम करणारे बांधकाम मजूर. ऊसतोड कामगार बायकांचं आरोग्य. आणि २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं गेलेले शेतकरी आणि शेतमजूर.

फवारणीचंच घेऊ. मृत्यू दिसले म्हणून बातमी झाली. पण वर्षानुवर्षं थोडं थोडं विष अंगावर घेणाऱ्यांचं काय? ते मोजायचं कसं? ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांसाठी रक्तातल्या कोलिनएस्टरेझ या विकराची पातळी तपासता येते. लघवीतही त्यांचे अंश सापडतात, पण ते काही दिवसांतच निघून जातात. म्हणजे एका सकाळी घेतलेला नमुना अख्ख्या हंगामाची गोष्ट सांगत नाही. मग किती वेळा नमुने घ्यायचे, फवारणीचे तास विचारायचे की पंपाचा प्रकार, मालक आणि मजूर यांना एकाच रकान्यात टाकायचं का? प्रश्न असा खाली उतरायला लागला की तुमची तयारी सुरू झाली.

लिहिलेल्या प्रश्नात चार गोष्टी आहेत का ते तपासा: कोण, कशाचा संपर्क, कोणता परिणाम, कशाशी तुलना. ‘चंद्रपूरच्या प्रदूषणाचा आरोग्यावर परिणाम’ यात यातलं काहीच नीट नाही. ‘वीज केंद्राजवळच्या गावांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांना, धूळ जास्त असलेल्या आठवड्यांत, कमी धुळीच्या आठवड्यांपेक्षा श्वासाच्या त्रासासाठी दवाखान्यात जास्त वेळा न्यावं लागतं का?’ यात चारही आहेत. आणि चंद्रपूरची गडचिरोलीशी तुलना करण्याचा मोह आवरा. दोन जिल्ह्यांत रोजगार, जंगल, हिवताप, दवाखान्यांचं अंतर असं धुळीखेरीज कितीतरी वेगळं आहे.

साध्या मोजणीलाही कमी समजू नका. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादमध्ये १,३४४ जास्तीचे मृत्यू झाल्याचं दिसलं, ते शेजारच्या वर्षांतल्या त्याच काळातल्या मृत्यूंशी तुलना करून. तिथंच २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा उभा राहिला आणि पुढं देशातल्या इतर शहरांनी तो उचलला. उन्हाळ्यात आपल्या महापालिका पिवळा-नारिंगी इशारा देतात, त्यामागे ही मोजणी आहे.

दुसरी पायरी: अर्जाच्या वर्षभर आधी स्वतःचा एक छोटा प्रकल्प करा

सांख्यिकीचा पाया आणि ‘आर’ ही मोफत संगणकभाषा, या दोन गोष्टी लागतातच. स्वयम किंवा कोर्सेरा या संकेतस्थळांवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेसे आहेत. पण प्रमाणपत्रं गोळा करत बसू नका, एक काम पूर्ण करा. मी कुणालाही हेच सुचवते:

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून तुमच्या शहरातल्या एका हवा-मापन केंद्राचे पीएम २.५ चे तासागणिक आकडे, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, उतरवून घ्या. पहिलं काम सरासरीचं नाही. किती तास रिकामे आहेत ते मोजा. मग एकच आकडा सलग दहा-बारा तास येतोय का ते पाहा. तसं असेल तर यंत्र अडकलं होतं. दिवसाची सरासरी फक्त त्या दिवसांची काढा, ज्यांत २४ पैकी किमान १८ तास आकडे आहेत. आलेख काढा. दिवाळीच्या रात्री खूण करा. आपल्या राष्ट्रीय मानकाची दैनंदिन मर्यादा ६० आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची १५, अशा दोन रेघा ओढा आणि त्यांच्या वर किती दिवस गेले ते मोजा.

पुढं उपग्रहाचे किंवा जागतिक हवामानाचे आकडे जोडलेत तर वेळ पाहा. ते बहुधा ग्रीनिच वेळेत असतात, केंद्राचे भारतीय वेळेत. साडेपाच तासांच्या या फरकानं एका दिवसाची धूळ दुसऱ्या दिवसाच्या तापमानाला जाऊन चिकटते आणि आलेखात काहीच चुकल्यासारखं दिसत नाही.

शेवटी दोन पानं लिहा: काय केलं, कोणते दिवस का वगळले, यावरून काय म्हणता येत नाही. मुलाखतीत या ‘काय म्हणता येत नाही’ला सगळ्यात जास्त किंमत असते.

जमलं तर सहा महिने प्रत्यक्ष सर्वेक्षणाच्या कामात घाला. केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचा पुण्याजवळच्या वढूचा ग्रामीण कार्यक्रम वर्षानुवर्षं त्याच गावांतल्या जन्म, मृत्यू, स्थलांतरांची नोंद ठेवतो. अशा ठिकाणी नोंद कशी तयार होते ते डोळ्यांनी पाहता येतं.

तिसरी पायरी: पदवीचा प्रकार ओळखा

नावं गोंधळात टाकतात. एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, ही व्यावसायिक पदवी आहे: कार्यक्रम राबवणं, धोरण, प्रत्यक्ष क्षेत्रकाम. एमएस्सी, एमएस किंवा एमएसपीएच (मास्टर ऑफ सायन्स इन पब्लिक हेल्थ) यांचा कल संशोधनाकडे असतो आणि त्यांत बहुधा प्रबंध असतो. पुढं पीएचडी करायची शक्यता तीस टक्के जरी वाटत असेल, तरी प्रबंध असलेली पदवी घ्या.

दोन्ही विषय औपचारिकपणे जोडणाऱ्या पदव्या कमी आहेत. अटलांटामधल्या एमोरी विद्यापीठाच्या रॉलिन्स स्कूलमध्ये पर्यावरणीय आरोग्य आणि साथरोगशास्त्र या दोन विभागांची मिळून एमएसपीएच आहे. अमेरिकेच्या सीडीसीचं, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेचं, मुख्यालय शेजारीच आहे, आणि वरच्या हॅपिन चाचणीच्या नेतृत्वात एमोरीची माणसं होती. इतर बहुतेक ठिकाणी तुम्हाला जोड स्वतः घालावी लागते: एका विभागात प्रवेश, दुसऱ्या विभागाचे निवडक विषय. यात कमीपणा काही नाही. फक्त दुसऱ्या विभागाचे वर्ग तुम्हाला खरोखर घेता येतात का, हे तिथल्या आत्ताच्या विद्यार्थ्याला विचारा. माहितीपत्रकात सगळंच शक्य असतं.

युरोपात नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठाची जोखीम-मूल्यमापनाची संस्था, लंडनचं स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन आणि बार्सिलोनाचं आयएसग्लोबल ही नावं पाहा. आयएसग्लोबलनं तेलंगणातल्या गावांत हवा आणि हृदयविकारावर काम केलं आहे, त्यामुळे भारतातला प्रश्न त्यांना नवा नाही.

भारतात राहून

परदेशाची ओढ मी समजू शकते, पण प्रश्न इथला असेल तर इथं शिकण्याचा मोठा फायदा आहे: मार्गदर्शकाला ओटा, पडवी, बंब समजावून सांगावा लागत नाही. चेन्नईची श्री रामचंद्र संस्था संपर्क मोजण्यासाठी देशात अव्वल आहे. तिथं डॉ. कल्पना बालकृष्णन यांच्या गटानं घरातल्या धुरावर दोन दशकांहून जास्त काम केलं आहे. चेन्नईतच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आहे, तिचा कस साथरोगशास्त्राच्या बाजूनं. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि मुंबईत टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, जिथं एमपीएच सामाजिक साथरोगशास्त्राकडे झुकलेली आहे. प्रदूषण कुणाच्या वस्तीत साचतं हा प्रश्न ज्यांना छळतो त्यांनी टिसचा नक्की विचार करावा.

पीएचडी किंवा संशोधन सहायकाच्या कामासाठी आयसीएमआरच्या दोन संस्था लक्षात ठेवा: अहमदाबादची व्यावसायिक आरोग्य संस्था आणि भोपाळची पर्यावरणीय आरोग्य संस्था. भोपाळची संस्था १९८४ च्या वायुदुर्घटनेतल्या लोकांच्या दीर्घकाळच्या आरोग्याचा पाठपुरावा पुढं नेते. या विषयाचा विद्यार्थी भोपाळला एकदा तरी गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

चौथी पायरी: अर्ज आणि पैसा

अमेरिकेतल्या बहुतेक सार्वजनिक आरोग्य विद्यालयांचा अर्ज सोफास या एकाच पोर्टलवरून जातो. मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात. भारतीय गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि आपल्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचं अधिकृत गुणपत्रक, मिळवायलाच महिना-दोन महिने जातात, म्हणून ट्रान्सक्रिप्टसाठीचा अर्ज ऑगस्टमध्येच टाका. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीए असेल तर काही विद्यापीठं ती पूर्ण पदवी धरतात, काही धरत नाहीत. शुल्क भरण्याआधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) बालपणापासूनची समाजसेवेची आवड लिहू नका. पहिल्या परिच्छेदात तुमचा प्रश्न, दुसऱ्यात त्यासाठी आजवर काय केलं, तिसऱ्यात काय येत नाही म्हणून शिकायला यायचं आहे, चौथ्यात त्याच विभागातली कोणती माणसं आणि कोणतं काम त्याला जुळतं. ‘मला आकडे स्वच्छ करता येतात, पण संपर्क मोजण्यातली चूक निकालात कशी धरायची ते येत नाही’ असं एक वाक्य दहा विशेषणांवर भारी पडतं. शिफारसपत्र मोठ्या पदाच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्यांनी तुमचं काम रोज पाहिलं त्यांच्याकडून घ्या.

पैशाचं सरळ बोलते. अमेरिकेतल्या पदव्युत्तर पदवीला पूर्ण मदत क्वचित मिळते, पीएचडीला मात्र बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन असतं. फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीत सार्वजनिक आरोग्य येतं, तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ब्रिटनच्या एक वर्षाच्या पदवीसाठी चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, तिथं २,८०० तासांचा अनुभव मागतात आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून यादी करतानाच ती पाहा. जे. एन. टाटा एंडोमेंटचं कर्जरूपी साहाय्यही विचारात घ्या.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की तपासावी: पदवी कोणत्या विषय-कोडखाली नोंदलेली आहे. साथरोगशास्त्राचा कोड स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित विषयांच्या, यादीत आहे, त्यामुळे शिक्षणानंतरच्या वर्षभराच्या कामाच्या परवान्याला आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. साधारण एमपीएचला ती मिळेलच असं नाही. एकच विषय दोन विद्यापीठांत दोन कोडखाली असू शकतो. कर्ज काढण्याआधी हे लेखी विचारून घ्या. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचा नियम पाहा.

पाचवी पायरी: प्रवेश मिळाल्यावर

पहिल्या सत्रात विषविज्ञान, साथरोगशास्त्र आणि सांख्यिकी हे तिन्ही घ्या. नंतर संपर्क-मूल्यमापनाचा असा वर्ग शोधा जिथं यंत्र हातात देतात. मापक अंगावर लावून स्वतः दोन दिवस फिरा. फोडणीच्या वेळी आकडा कुठं जातो आणि सिग्नलला कुठं, हे एकदा पाहिलं की शहरातल्या एका केंद्राच्या आकड्यावरून सगळ्या माणसांबद्दल बोलायला जीभ कचरते. ती कचरली पाहिजे.

जीआयएस, म्हणजे आकडे नकाशावर मांडून तपासायची संगणकप्रणाली, शिका. आणि संपर्काचा परिणाम काही दिवसांनी दिसतो तेव्हा वापरायच्या पद्धती शिका. उन्हाचा मृत्यूंवरचा परिणाम बहुधा त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत दिसतो, थंडीचा आठवडे रेंगाळतो.

प्रबंधासाठी नवे आकडे स्वतः गोळा करायचा हट्ट दोन वर्षांच्या पदवीत धरू नका. नैतिकता समितीची मंजुरी, परवानग्या आणि पावसाळा यांतच वर्ष जातं. मार्गदर्शकाकडे आधीच असलेल्या कोहॉर्टमधला, म्हणजे वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या गटातला, एक छोटा प्रश्न सोडवा. भारतातलेच आकडे हवे असतील तर दोन्ही देशांतल्या नैतिकता समित्या लागू शकतात, आणि परदेशी संस्थेचा निधी किंवा सहभाग असेल तर सरकारी मंजुरीही लागते. पहिल्या वर्षाच्या दिवाळीआधी ही चौकशी सुरू झाली पाहिजे. आणि ज्या गावाकडून रक्ताचे, पाण्याचे नमुने घेतले, तिथं जाऊन निकाल त्यांच्या भाषेत सांगण्याचा खर्च आणि दिवस आराखड्यातच धरा. पाण्यात फ्लोराइड आहे हे एखाद्या नियतकालिकाला आधी कळावं आणि ते पिणाऱ्या घराला कधीच कळू नये, हे मला सहन होत नाही.

नोकरी

‘पर्यावरणीय साथरोगतज्ज्ञ’ या नावानं भारतात जाहिरात क्वचितच दिसेल. शोधताना रिसर्च असोसिएट, सार्वजनिक आरोग्य सल्लागार, डेटा विश्लेषक, हवामान आणि आरोग्य, औद्योगिक आरोग्य हे शब्द वापरा. केंद्राचा हवामानबदल आणि मानवी आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे. त्यात उष्माघाताच्या आणि प्रदूषणाशी जोडलेल्या श्वसनविकारांच्या नोंदींचं काम जिल्हा पातळीपर्यंत येतं. मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ मध्ये आला. अशा आराखड्यांना आरोग्याचे आकडे वाचणारी माणसं लागतात. परदेशात शिकलात तरी पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात अशा एखाद्या कार्यालयात दोन महिने काम करून पाहा. तिथल्या नोंदवहीत ‘मृत्यूचं कारण’ या रकान्यात काय लिहिलेलं असतं ते पाहिलंत की परत जाऊन कोणते वर्ग घ्यायचे, हे तुमचं तुम्हालाच समजेल.